वार्तिनीच्या घरचे ढेकूण

न्गाम्पिनच्या चढावर रस्त्याच्या कडेने सराबी विकणाऱ्या बायकांची रांग बसते. त्या रांगेत चिंचेखालची जागा वार्तिनीची. तांदळाच्या पिठाचे जाड जाळीदार घावन मातीच्या तव्यात भाजायचे, ताडगूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवायचे आणि गाडी थांबवून उतरलेल्या गिऱ्हाइकापुढे करायचे, हे काम ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून करत होती. धुराने डोळे कायम लाल. बोलणं थोडं. बाकीच्या बायका हातवारे करून गाड्या थांबवायच्या, एकमेकींची गिऱ्हाइकं ओढायच्या. वार्तिनी नुसती मान वर करून बघायची, आणि का कोण जाणे, तेवढ्यानेही काही गाड्या थांबायच्या.

तिला मूल एकच, मुर्नी. मुर्नीचं लग्न बांदुंगानच्या एका ट्रकवाल्याशी झालं आणि वर्षाच्या आत मोडलं. तो सुमात्राला गेला तो तिकडचाच झाला. मग मुर्नी तैवानला गेली, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. आमच्या भागातली घरटी एक मुलगी तिकडे, नाहीतर हाँगकाँगला, नाहीतर मलेशियात आहे. त्यात नवल काहीच नव्हतं. जाताना मुर्नी म्हणाली होती, "एक करार संपू दे, परत येते." पण एक करार संपला की दुसरा व्हायचा. बाप वारला तेव्हाही तिला सुट्टी मिळाली नाही. बापाला मूठमाती देतानाचं सगळं तिने फोनवर बघितलं. फोन शेजारच्या दार्सीच्या हातात होता आणि दार्सीला रडू आवरत नव्हतं, त्यामुळे मुर्नीला बराच वेळ नुसतं आभाळच दिसत राहिलं.

घरात मुर्नीची खोली होती तशीच होती. लाकडी पट्ट्यांची सागवानी खाट आणि तिच्यावर सावरीच्या कापसाची गादी. वार्तिनी स्वतः बाहेरच्या खोलीत चटईवर निजायची. पाहुणा आला तर त्यालाही चटईच. दरवर्षी लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सणाआधी ती गादी अंगणात ओढून आणायची, वेताच्या धोपटण्याने बडवायची, दिवसभर उन्हात ठेवायची, आणि संध्याकाळी परत नेऊन वर धुतलेली चादर घालायची. दार्सी कुंपणावरून म्हणायची, "यू, अगं निजतंय कोण त्या गादीवर? भुतं?" यू म्हणजे थोरली बहीण, दार्सी वयाने लहान म्हणून तशी हाक. वार्तिनी म्हणायची, "वापरली नाही की कापूस गोळे धरतो." तेवढंच.

आणि एका वर्षी मुर्नी खरोखरच आली.

सणाच्या आदल्या दिवशी सेमारांगच्या विमानतळावरून भाड्याच्या गाडीने ती दारात उतरली. हातात मोठी निळी चाकांची बॅग. केस कापलेले, गाल बसलेले. वार्तिनीने तिला आधी ओळखलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे गेलेली मुर्नी होती, आलेली नव्हती. मुर्नीने खाली वाकून आईचा हात कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"माक, तू एवढीशी कशी झालीस गं?"

"मी होते तेवढीच आहे, न्दुक. तू उंच इमारतींत राहून आलीस." न्दुक म्हणजे पोरी. किती वर्षांनी हा शब्द तिच्या तोंडून समोर उभ्या असलेल्या माणसासाठी निघाला होता.

त्या संध्याकाळी नारळाच्या रसातली फणसाची लोदेह भाजी, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, खलबत्त्यात वाटलेली मिरचीची चटणी, आणि आल्यागेल्यांची रीघ. मुर्नी आपल्या खोलीत निजायला गेली तेव्हा वार्तिनीने दार ओढून घेतलं. घरात कुणी तरी आहे म्हणून दार ओढायचं, हे सुख ती विसरलीच होती.

सणाचे दोन-तीन दिवस पाहुण्यांत गेले. मग एका सकाळी मुर्नी दंड खाजवत स्वयंपाकघरात आली.

"काय गं?"

"डास, माक. दुसरं काय."

डासांना आमच्याकडे तोटा नाही. रावा पेनिंगचं तळं जवळ, भातशेती चहूकडे. वार्तिनीने त्याच दिवशी कपाटातून जुनी मच्छरदाणी काढली, फाटकी जागा शिवली आणि खाटेला बांधली. कडा गादीखाली नीट खोचल्या.

दुसऱ्या सकाळी मुर्नी मोरीवर तोंड धूत होती. बाही वर केलेली. हाताच्या आतल्या बाजूने मनगटापासून कोपराकडे चार लाल गांधी चढत गेल्या होत्या. एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर. मानेवर आणखी तीन, त्याही ओळीतच.

वार्तिनी पिठाचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

डास असा चावत नाही. डास इथे एक, तिथे एक चावतो, आणि दुपारपर्यंत त्याची गांध उतरते. मच्छरदाणीच्या आत रांगेने चावत जाणारा प्राणी वेगळा. वार्तिनीला तिची आई आठवली, वेताची खुर्ची उलटी करून सांध्यासांध्यात सुई खुपसणारी. खाटेच्या पट्ट्या सुट्या करून आई फरशीवर आपटायची आणि वार्तिनी नि तिचा भाऊ खाली पडतील ते चपलेने चिरडायचे. तो वास नाकात कायमचा बसला होता, गोडसर, कुबट, पिकून सडायला लागलेल्या फळासारखा. लहानपणी घरोघर ढेकूण होते. मग फवारे आले, औषधं आली, आणि ढेकूण गेले. ते गेले असंच सगळे धरून चालले होते.

"बघू गं हात," ती म्हणाली.

मुर्नीने बाही खाली ओढली. "काही नाही गं. डास."

"हो," वार्तिनी म्हणाली. "यंदा तळ्यावरचे डास फारच माजलेत."

असं का म्हणाली ती? तिला भीती वाटली. मुर्नी एवढ्या श्रीमंत देशातून आलेली. तिकडे तिला स्वतःची खोली होती. फोनवर बोलताना तिच्या मागे हिरवे डोंगर दिसायचे. रांगेतल्या बायकांना वार्तिनी सांगायचीसुद्धा, आमच्या मुर्नीच्या खिडकीतून डोंगर दिसतो. अशी मुलगी इतक्या वर्षांनी आईकडे येते आणि आईच्या घरात तिला ढेकूण चावतात! सेमारांगला तिची मैत्रीण होती, आसीह, तैवानला ओळख झालेली. ती रोज फोन करून "ये इकडे, एसी लावून झोप" म्हणून बोलवत होती. मुर्नीला ढेकणांचं कळलं की ती निघालीच. महिनाभराची सुट्टी, त्यातले दिवस आधीच सरत होते.

मुर्नी मावशीकडे गेली तशी वार्तिनीने खोलीचं दार आतून लावलं आणि खिडकी सताड उघडली. चादर उचलली. उशाकडच्या कोपऱ्यात बारीक काळे ठिपके होते, पेनची शाई झिरपल्यासारखे. एके ठिकाणी गंजाच्या रंगाचा फराटा. झोपेत कुणीतरी कूस बदलताना चिरडला गेला असणार. गादीच्या शिवणीची दोन्ही बोटांनी घडी उलगडली तर आत पिवळट पापुद्रे, टाकलेल्या काती. आणि मग, शिवणीच्या कोपऱ्यात, जवसाच्या दाण्याएवढा चपटा तपकिरी जीव उजेड पाहून चालू लागला. तिने तो नखाखाली दाबला. बोट नाकाशी नेलं. तोच वास.

खाली बसून तिने पट्ट्यांचे सांधे पाहिले. तिथे मात्र फारसं काही नव्हतं, एखाददुसराच. म्हणजे वस्ती जुनी नाही, एवढं तिला कळलं. पण ती आली कुठून? वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या खाटेत ढेकूण जगतील कसे? ती विचार करत बसली आणि एकदम तिला दार्सीच्या वेताच्या खुर्च्या आठवल्या. सणाच्या पाहुण्यांसाठी दार्सीने चार खुर्च्या दिल्या होत्या. एक मुर्नीच्या खोलीत ठेवली होती!

ती तरातरा कुंपणाशी गेली. दार्सी सुपात तांदूळ घोळवत होती.

"दार्सी, तुझ्या खुर्च्यांत काही आहे का?"

"काही म्हणजे? सोनं?"

वार्तिनीने इकडे-तिकडे पाहिलं. रस्त्यावरून माणसं जात होती. तिने आवाज अगदी खाली आणला आणि एकच शब्द उच्चारला. "बांगसात."

आता आमच्याकडे अडचण अशी की ढेकणाचं नाव आणि हलकट माणसाला द्यायची शिवी, दोन्ही एकच. दार्सीचं सूप हवेतच थांबलं.

"यू! मी खुर्च्या दिल्या फुकटात, वर सणाच्या दिवसांत मला शिव्या?"

"तुला नाही गं, खुर्चीला!"

"खुर्चीला शिवी? खुर्चीने काय केलं तुझं?"

"अगं, खुर्चीतल्याला!"

"खुर्चीत माझा नवरा बसतो!"

शेवटी वार्तिनीने बोट आणि अंगठा जवळ आणून केवढा ते दाखवलं आणि खाजवल्याची नक्कल केली, तेव्हा दार्सीच्या डोक्यात उजेड पडला. ती इतकी हसली की तांदूळ सांडले. मग तिला राग आला. तिने चारही खुर्च्या उन्हात उलट्या केल्या, वार्तिनीला बोलावून सांधे दाखवले, वर उकळतं पाणी ओतलं. एकही बाहेर पडला नाही.

"बघ. स्वच्छ. आता तू सांग, तुझ्या घरात आहेत का?"

"नाहीत. कुठे? सहज विचारलं."

दार्सीने तिच्याकडे रोखून पाहिलं, पण भांडखोर असली तरी ती मनाने वाईट नव्हती. "पाक रोजीकिनकडे औषध मिळतं," एवढंच म्हणाली आणि सांडलेले तांदूळ वेचायला बसली.

पाक रोजीकिनच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर वार्तिनीने पुन्हा तो शब्द उच्चारला तर पाक रोजीकिन म्हणाला, "बू, खाटेतल्यासाठी हवंय की दोन पायांच्यासाठी? दोन पायांच्यावर औषध असतं तर मी आधी मेहुण्यावर मारलं असतं." सगळे हसले. वार्तिनी मान खाली घालून बाटली ओढणीआड घेऊन आली.

मग तिचा रोजचा उद्योग सुरू झाला. मुर्नी बाहेर पडली की गादी उन्हात, चादर उकळत्या पाण्यात, सांध्यांत औषध. मुर्नी यायच्या आत सगळं जागच्या जागी. सराबीच्या चुलीशी बसायला तिला उशीर होऊ लागला. मुर्नीने एकदा विचारलं, "माक, सण होऊन गेला, आता कसली सफाई?" वार्तिनी म्हणाली, "तू आल्यावर हुरूप आला गं." ते अर्धं खरं होतं. गांधी कमी झाल्या, मग पुन्हा दिसल्या. मुर्नी लांब बाह्यांचे कपडे घालू लागली. उकाड्यात. दोघी समोरासमोर जेवायला बसायच्या, हवापाण्याचं बोलायच्या. वार्तिनीला वाटायचं, एवढी वर्षं हिला काय काय सांगायचं म्हणून साठवून ठेवलं, आणि आता ही समोर बसली आहे तर माझं सगळं लक्ष हिच्या मनगटाकडे.

एका दुपारी मुर्नी म्हणाली, "माक, मी थोडे दिवस आसीहकडे जाऊन येते. सेमारांगला."

"किती दिवस?"

"बघू. आठवडाभर."

"इथे डास फार, म्हणून का?"

मुर्नी टॉवेल घेऊन न्हायला गेली. वार्तिनी खोलीत आली. बॅग कोपऱ्यात कपाटाआड उभी होती. अजूनपर्यंत तिने त्या बॅगेला हात लावला नव्हता. लेकीच्या सामानात आपण का डोकवावं? पण आता जायचंच तर निदान पुसून द्यावी, म्हणून तिने ती खिडकीशी ओढली आणि ओल्या फडक्याने पुसायला लागली. चेनच्या कडेला जाड गोट शिवलेला होता. फडकं त्यावरून फिरलं आणि काळपट झालं. तिने पुन्हा पुसलं. मग वाकून पाहिलं.

गोटाच्या घडीत ठिपके नव्हते, थरच होता. जुने, वाळलेले, एकावर एक. पांढरी बारीक अंडी, कातींची रास, आणि आत दाटीने बसलेले जीव. ही वस्ती आठवड्यांची नव्हती. ही काही वर्षांची होती.

मुर्नी केस पुसत दारात आली आणि आई कशाकडे बघते आहे ते तिला दिसलं. टॉवेल हातातच राहिला.

"ही बॅग तिकडे कुठे असायची, न्दुक?" वार्तिनीने विचारलं.

"खाटेखाली."

"कसल्या खाटेखाली?"

मुर्नी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. "मला पहिल्याच सकाळी कळलं होतं, माक."

"मग डास का म्हणालीस?"

"तूही डासच म्हणालीस की."

वार्तिनी म्हणाली, "मला वाटलं, तुला कळलं की तू जाशील."

"आणि मला वाटलं, तुला कळलं की तू विचारशील, हे आले कुठून. म्हणून तर आसीहकडे निघाले. म्हटलं, बॅग घेऊन इथून गेले तर तुझं घर तरी सुटेल."

वार्तिनी तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली. मुर्नी सांगत गेली. तिचे मालक लोखंडी सामानाचं दुकान चालवायचे. म्हातारे आजोबा खालच्या खोलीत. मुर्नीला दुकानाच्या कोठीवर फळ्या टाकून केलेला माळा दिला होता. उभं राहता येत नव्हतं. गादी आधीच्या बाईची होती, ती बाई व्हिएतनामची, तिच्याही आधी कुणाची असेल कोण जाणे. पहिल्या महिन्यातच ढेकूण कळले. मुर्नीने मालकिणीला सांगितलं, नवी गादी मागितली.

"ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, असली घाण तुम्हीच आणता आपल्या देशातून. पुन्हा मी विचारलं नाही. आजोबा चांगले होते गं. त्यांनी मला चोरून मलम दिलं होतं एकदा. सवय झाली. दिवा लावून झोपायचं, भिंतीपासून दूर, अंगावर पूर्ण कपडे. आणि बघ आता. आता मात्र खरंच मीच आणले माझ्या देशात."

"आणि डोंगर?"

मुर्नीला आधी कळलं नाही. मग तिने खाली पाहिलं. "गच्ची होती शेजारच्या इमारतीची. कपडे वाळत घालायची. तिथे जाऊन तुला फोन करायचे."

वार्तिनीला त्या सगळ्या संध्याकाळी आठवत होत्या, फोनवर हसणारी मुर्नी, आणि फोन ठेवल्यावर ती जिना उतरून कुठे जात असेल ते. आपण इकडे धोपटण्याने बडवून, ऊन दाखवून गादी मऊ ठेवत होतो. त्या गादीवर कुणी नव्हतं, आणि जिला निजायचं होतं ती फळ्यांच्या माळ्यावर दिवा लावून अंग आखडून पडलेली. तिने मुर्नीची बाही वर सरकवली. ताज्या गांधींखाली जुने फिकट डाग होते, ते तिने आता पहिल्यांदा नीट पाहिले. त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"रड की," मुर्नी म्हणाली. "तू रडलीस की मला पण रडता येईल."

"आधी पाणी तापवू," वार्तिनी म्हणाली. "रडू काय, नंतरही येतं."

दुसऱ्या सकाळी ती चुलीशी बसलीच नाही. सराबीसाठी रस तापवायचं मोठं पातेलं अंगणात तीन दगडांवर चढलं. दार्सीला आता सगळं सांगितलं, आणि दार्सी बाह्या सरसावून आली. खाटेच्या पट्ट्या सुट्या केल्या, फरशीवर आपटल्या, सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं. मुर्नीचे सगळे कपडे पाण्यातून काढले. गादी उसवली, खोळ उकळली, कापूस जुन्या मच्छरदाणीत भरून पत्र्यावर उन्हात टाकला. वारा सुटला आणि सावरीचा कापूस उडाला तो सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, नाकात. दार्सी शिंकत शिंकत म्हणाली, "यू, आरशात बघ, आपण तिघीही म्हाताऱ्या झालो." मुर्नी हसली. वार्तिनी हातातलं भांडं थांबवून बघत राहिली. फोनवरचं हसू वेगळं होतं, हे पोटातून आलं होतं.

बॅगेचं काय करायचं यावर वाद झाला. दार्सी म्हणाली, "काळ्या पिशवीत बांधून पत्र्यावर टाका, उन्हाने मरतील. एवढी चांगली बॅग!" मुर्नी म्हणाली, "जाळू." आणि तिने ती स्वतः परसात नेऊन जाळली. प्लॅस्टिकचा काळा धूर बराच वेळ निघत होता. मुर्नी काठीने सारखी करत उभी होती, संपेपर्यंत हलली नाही.

ढेकूण एका दिवसात जात नाहीत. अंडी राहतात, आठवड्याने पिल्लं बाहेर पडतात. म्हणून पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा शिवणी उलगडून बघायचं. तोवर मायलेकी बाहेरच्या खोलीत चटईवर शेजारी-शेजारी निजल्या. आता साठवलेलं सगळं बोलणं निघालं. बापाचं शेवटचं दुखणं. बांदुंगानच्या ट्रकवाल्याला झालेली मुलं. तिकडचे आजोबा, जे मुर्नीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे आणि मुर्नीही ओ द्यायची. सकाळी मुर्नी आईबरोबर चिंचेखाली बसायला लागली. तिची पहिली सराबी तव्याला चिकटली, शेजारची बाई म्हणाली, "तैवानची सराबी अशीच असते का गं?" मुर्नी म्हणाली, "हो, आणि महाग पण असते."

तिकडे कामाला पाठवणाऱ्या एजंटाला मुर्नीने फोन करून सांगितलं, त्या घरात परत जाणार नाही. एजंट चिडला. म्हणाला, दुसरं घर मिळेपर्यंत थांबावं लागेल, कधी मिळेल सांगता येत नाही. मुर्नीच्या कपाळाला आठी पडली. वार्तिनी मात्र आत जाऊन तोंड फिरवून हसली. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण हसू थांबेना.

सुट्टीचा महिना उलटला आणि मुर्नी घरातच होती. भात कापणीला आला. गादीत नवा कापूस भरला, खाट जोडली, मुर्नी पुन्हा आपल्या खोलीत निजू लागली. वार्तिनी रोज सकाळी चादर उचलून बघायची. ठिपके नव्हते. मुर्नीच्या हातावर नवी गांध नव्हती. फोन वाजला की वार्तिनीचा हात पिठात थांबायचा. मग मुर्नी म्हणायची, "आसीह आहे गं," आणि हात पुन्हा चालू लागायचा.

एकदाच तिने विचारलं. चूल विझवताना, मुर्नीकडे न बघता.

"नाहीच गेलीस तर?"

मुर्नी तवे एकात एक रचत होती. "इथे काय करू, माक?"

"हेच. माझ्याबरोबर."

"या रांगेत आधीच एवढ्या बायका आहेत. आणि पाऊस लागला की गाडी थांबत नाही." मग शेवटचा तवा ठेवून ती म्हणाली, "तू विचारलंस ते बरं केलंस. मी वाटच बघत होते, विचारतेस का म्हणून."

त्याउपर वार्तिनीने विचारलं नाही. आणि एका सकाळी फोन आला तो एजंटाचाच होता. तैवानमध्येच हुआलिएनला एक विधवा आजी, एकटी, मुलगे दूर. घर लहान, पण मुर्नीने या वेळी खोलीचा, खाटेचा फोटो मागितला, आणि आला तेव्हा तो आईच्या हातात दिला. वार्तिनीने फोन डोळ्यांजवळ धरला.

"गादी उलटी करून दाखव म्हणावं."

"माक!"

"म्हण तर खरं."

एजंटाने कुरकुर करत पुन्हा फोटो मागवला. गादीची खालची बाजू, चारी कोपरे. वार्तिनीने ते बराच वेळ न्याहाळले. कुठे तरी एखादा ठिपका दिसावा असं तिला वाटत होतं. दिसला नाही. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. जा."

आंबारावाच्या बसथांब्यावर मुर्नीचं सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात दोरीने बांधलेलं होतं. दार्सीने निरोपाला केळीचे वेफर्स आणले. बस आली तशी मुर्नीने आईचा हात कपाळाला लावला. वार्तिनीला खूप बोलायचं होतं, तोंडातून निघालं ते एवढंच, "पोचलीस की जेव." बस वळणावर गेली. दार्सीने रिक्षा बोलवू का विचारलं, वार्तिनी नको म्हणाली. ती चालत निघाली, घरी न जाता थेट चिंचेखाली, आणि तिने चूल पेटवली.

खोलीची चादर तिने बरेच दिवस धुतली नाही. उचलून बघायची मात्र रोज. काहीच नसायचं. घर निर्मळ होतं, औषधाचा वाससुद्धा उडून गेला होता.

मुर्नी आता दिवसाआड फोन करते, आणि जिथे असेल तिथूनच करते. मोरीतून, स्वयंपाकघरातून, कधी खाटेवर बसून. खोलीत दोन खाटा आहेत, एक तिची, एक आजीची. आजीला रात्री तहान लागते, भीती वाटते. मग ती मुर्नीला हाक मारते आणि मुर्नी दिवा न लावता उठून तिच्याजवळ जाते. हे मुर्नीनेच सांगितलं. परवा फोनवर ती आजीही दिसली. वाळक्या फळासारखा चेहरा, पांढरे केस मुर्नीने विंचरून दिलेले. तिने पडद्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात त्या?"

"विचारतात, ही कोण. मी सांगितलं, माझी आई."

आजीने मान हलवली आणि हात वर केला. वार्तिनीनेही पीठ लागलेला हात वर केला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आजीने मुर्नीच्या खांद्यावर डोकं टेकलं, सहज, रोजची सवय असल्यासारखं. रस्त्यावर गाडी थांबली होती, गिऱ्हाईक हाक मारत होतं, शेजारची बाई म्हणत होती, "यू, तुझी सराबी करपतेय." वार्तिनीने फोन खाली ठेवला नाही. त्या खांद्यावर त्या बाईचं डोकं कसं टेकलं आहे, ते ती बघत होती.